‘मला येतं’ हे कसं येतं?



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी मला ‘मुलांचा स्वतःवरचा विश्वास’ हा विषय दिला. मी इयत्ता सातवीत शिकते. विषय मोठ्या माणसांचा वाटला, म्हणून मी आधी नको म्हटले. तेव्हा बाईंनी त्या शिक्षिका होण्यासाठी शिकत होत्या त्या वेळची मानसशास्त्राची वही मला वाचायला दिली आणि म्हणाल्या, “तुझ्या घरातलंच लिही. वहीतलं जे पटेल तेवढंच घे. जे कळणार नाही ते मला विचार.” त्याप्रमाणे मी लिहिले आहे. लेख लांबला, त्यामुळे तीन कागद लागले. उभ्याने वाचावे लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

माझा धाकटा भाऊ तिसरीत आहे. पावसाळ्यात त्याचे एक नवीनच सुरू झाले. सकाळी उठला की पोटात दुखायचे. आईने ओवा दिला, हिंग लावला. दुपारी पोट बरे असायचे आणि रविवारी तर दुखायचेच नाही. आज्जी म्हणाली नजर लागली. अण्णा म्हणाले नाटक करतोय. मला वाटते दोघांचेही चुकले, कारण पोट खरेच दुखत होते. मी रात्री त्याच्या दप्तरात पाहिले तेव्हा गणिताच्या वहीत घडी करून ठेवलेला चाचणीचा कागद सापडला. वजाबाकीची पाच उदाहरणे होती. चार चूक, एक बरोबर.

मी त्याला विचारले, तर म्हणाला, “मला गणित येत न्हाय. मी ढ हाय.”

लक्षात घ्या, ‘मला ही चार गणितं येत नाहीत’ असे तो म्हणाला नाही. आठ वर्षांच्या मुलाने चार गणितांवरून आख्ख्या स्वतःचा निकाल लावून टाकला होता. अण्णांनी तो कागद पाहिला आणि नेहमीचे वाक्य बोलले, “आमच्या घराण्यातच गणित न्हाय. त्याच्या डोक्यात कुठनं येणार?” हे ऐकून भावाचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. रडला मात्र नाही. उलट सुटल्यासारखा दिसला. घराण्यातच नसेल तर मग प्रयत्न करायचे कारणच उरत नाही ना!

आता वहीतले थोडे सांगते.

एरिक एरिक्सन नावाचे एक मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. जन्म १९०२, मृत्यू १९९४. जन्माने ते जर्मनीतले. तरुणपणी व्हिएन्ना शहरात मुलांच्या एका छोट्या शाळेत त्यांनी शिकवले आणि पुढे १९३३ साली ते अमेरिकेला गेले. गंमत म्हणजे एवढा मोठा विद्वान, पण त्यांनी विद्यापीठाची पदवी कधी घेतली नव्हती! त्यांचा आपल्या देशाशीही संबंध आहे. १९६२ साली ते अहमदाबादला आले होते. तिथल्या गिरणी कामगारांच्या १९१८ च्या संपात गांधीजींनी जो उपवास केला, त्यावर त्यांनी पुढे एक मोठे पुस्तक लिहिले. ते १९६९ साली निघाले.

पण आपल्याला हवे ते त्यांच्या १९५० सालच्या पुस्तकात आहे. माणूस जन्मापासून म्हातारपणापर्यंत आठ टप्प्यांतून जातो असे त्यांनी मांडले. त्यातला चौथा टप्पा साधारण सहा ते बारा वर्षांचा, म्हणजे नेमका आपला, पहिली ते सातवीचा. या वयात मुलाला नुसते खेळून समाधान होत नाही. मोठी माणसे जी हत्यारे आणि साधने वापरतात ती त्याला हातात घ्यावीशी वाटतात आणि काहीतरी पुरे करून दाखवावेसे वाटते. एरिक्सन म्हणतात की ही शाळा म्हणजे वर्गच असला पाहिजे असे नाही. कुठे शेत ही शाळा असते, तर कुठे रान. मला हे एकदम पटले. माझा भाऊ पाच वर्षांचा होता तेव्हा ‘मला खुरपं द्या’ म्हणून रडायचा. खुरपे दिले की तणाबरोबर मेथीपण काढायचा, आणि तरी ऐटीत सांगायचा की मी भांगललं!

या वयात काम जमत गेले तर मुलाच्या मनात ‘मला येतं’ ही भावना घर करते. जमले नाही, किंवा जमले तरी कोणी मानले नाही, तर ‘मी कमी आहे’ ही भावना बसते. तिला न्यूनगंड म्हणतात.

आणखी एक गोष्ट आहे. अगदी लहान मुलांना स्वतःबद्दल शंका नसते. पहिलीच्या वर्गात जाऊन विचारा, ‘सर्वांत जोरात कोण पळतं?’ सगळे हात वर होतात. ज्याचा पाय मुरगळला आहे तोही हात वर करतो. हाच प्रश्न चौथीत विचारा. दोनच हात वर होतील आणि बाकीचे त्या दोघांकडे बोट दाखवतील. सात-आठ वर्षांच्या सुमारास मुले स्वतःला दुसऱ्याशी ताडून पाहायला लागतात. तोपर्यंत ‘काल मला येत नव्हतं, आज येतं’ एवढेच पुरत असते. माझा भाऊ नेमका त्या उंबऱ्यावर होता, आणि घरात आम्ही सगळे त्याला तराजूत घालत होतो. मीसुद्धा. “मी तिसरीत होते तेव्हा मला सगळं यायचं,” असे मी त्याला कितीदा म्हटले असेल! ते खरेही नव्हते.

आता त्या चाचणीच्या कागदाकडे येऊ. मी तो नीट पाहिला. त्यातली दोन गणिते देते, तुम्हीही आधी उत्तर काढून बघा.

४०३ − १७८. त्याचे उत्तर होते ३७५.
५२१ − २८६. त्याचे उत्तर होते ३६५.

खरी उत्तरे २२५ आणि २३५. मला आधी वाटले, काहीतरी लिहून ठेवलेय. मग दिसले की काहीतरी नव्हे. पहिल्या गणितात एककाच्या घरात वर ३, खाली ८. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून तीन वजा केले आणि ५ लिहिले. दशकात वर शून्य, खाली ७, त्याने लिहिले ७. शतकात ४ मधून १ गेला, राहिले ३. दुसऱ्या गणितातही तसेच. त्याचा नियम असा होता की प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, मग तो वर असो की खाली. चारही चुका याच नियमाने झालेल्या होत्या. आणि जे एक बरोबर आले होते ते ६८७ − २५४. तिथे सगळे मोठे अंक वरच आहेत, म्हणून त्याचा नियम चालून गेला.

म्हणजे दुसरीत हा नियम त्याला कायम बरोबर उत्तरे देत होता. तेव्हा शाबासकी मिळत होती. तिसरीत गणित बदलले आणि तोच नियम उलटला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? त्याच्या दृष्टीने तो काल करत होता तेच आज करत होता, आणि काल हुशार असलेला आज ढ झाला.

मी हे बाईंना दाखवले तेव्हा बाईंनी सांगितले की अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी नेमका याच गोष्टीचा अभ्यास केला होता. त्यांचा लेख १९७८ साली आला. त्यांनी पुष्कळ मुलांच्या वजाबाक्या तपासल्या आणि त्यांना असे दिसले की बऱ्याच चुका वाटेल तशा नसतात, मूल एखादा चुकीचा नियम अगदी इमानदारीने पाळत असते. माझ्या भावाचा नियमही त्यांच्या यादीत होता! मी घरी येऊन त्याला सांगितले, “अरे, तुझी चूक अमेरिकेतल्या पोरांची पण होते.” त्याला फार बरे वाटले. मला वाटते त्या आठवड्यातले ते पहिले हसू.

इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण वजाबाकीपेक्षा मला ती जवळची आहे. पाचवीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी भाकरी थापायला शिकत होते. पहिल्या चार-पाच दिवसांत बऱ्यापैकी जमू लागले. मग एक दिवस एकही भाकरी धड होईना. काठवटीत थापली की कडा चिरायच्या, उचलली की मधोमध तुटायची. पाव्हणे आले होते. त्यांतल्या एक बाई म्हणाल्या, “हिला भाकरी येत न्हाय, हिचं सासरी कसं व्हायचं?” सगळे हसले. मी काठवट सरकवून उठले आणि ठरवले की आता पिठाला हात लावायचा नाही. (माझ्या भावाचे सासरी कसे होणार असे कुणी विचारत नाही आणि त्याला कुणी भाकरी थापायला बसवतही नाही, हे मी इथे मुद्दाम लिहिते.)

संध्याकाळी आज्जीने डब्यातले पीठ चिमटीत धरून चोळले आणि म्हणाली, “अगं, ह्या पिठाची विरी गेलीया. लई दिवसाचं दळण हाय. आधणाचं पाणी घाल.” मी उकळते पाणी घालून, जरा निवल्यावर पीठ चांगले मळले. भाकरी झाली. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवले, उलटली, आरावर शेकली, तर टम्म फुगून पापुद्रा सुटला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आज्जी नुसती म्हणाली, “हां. आता दुसरी घे.”

त्या दिवशी दोष पिठाचा होता आणि मी तो स्वतःवर घेतला होता. भावाचा दोष नियमाचा होता आणि तोही त्याने स्वतःवर घेतला होता. आज्जी शाळेत गेलेली नाही, पण ‘तुला येत नाही’ असे न म्हणता ती पीठ तपासायला गेली. आपल्यापैकी किती जण आधी पीठ तपासतात?

पुन्हा वहीकडे येते. अल्बर्ट बांडुरा यांच्यावर वहीत सर्वांत जास्त पाने आहेत. हे कॅनडातले. मुंडेर नावाच्या अगदी लहान गावात १९२५ साली त्यांचा जन्म झाला आणि २०२१ साली ते वारले. त्यांच्या गावात एकच शाळा होती आणि हायस्कूलचे सगळे वर्ग मिळून शिक्षक दोनच! म्हणजे आपल्या तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळांसारखेच म्हणायचे. पुष्कळसे मुलांना आपले आपणच शिकावे लागे. कदाचित म्हणूनच त्यांना पुढे हा प्रश्न पडला असेल की ‘मला हे जमेल’ असे माणसाला कशामुळे वाटते.

त्यांनी १९७७ साली याची चार उगमस्थाने सांगितली. सर्वांत जोरकस म्हणजे स्वतः केलेले आणि जमलेले काम. त्यानंतर, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहणे. तिसरे, दुसऱ्याचे बोलणे, म्हणजे ‘तुला जमेल’ असे कोणी सांगणे. ते उपयोगी पडते, पण नुसते बोलणे फार दिवस टिकत नाही. आणि चौथे म्हणजे आपले शरीर. छाती धडधडली, पोटात गोळा आला की आपण समजतो, मला हे जमणार नाही. हे वाचले तेव्हा मी वही बंद करून भावाच्या पोटाचा विचार करीत बसले.

बांडुरांनी डेल शंक यांच्याबरोबर एक प्रयोग केला, तो १९८१ साली छापून आला. वजाबाकीत खूप मागे पडलेली आणि गणित नावडणारी सात ते दहा वर्षांची मुले त्यांनी घेतली. वजाबाकी टप्प्याटप्प्याने समजावणारी बेचाळीस पाने तयार केली आणि सात बैठका ठरवल्या. काही मुलांना सांगितले, ‘दर बैठकीत सहा पानं करायचं मनात धरा.’ काहींना सांगितले, ‘सात बैठका संपेपर्यंत बेचाळीस पानं करायचं मनात धरा.’ हिशेब तोच आहे, सहा साते बेचाळीस. आणि काही मुलांना कोणतेच ध्येय दिले नाही. शेवटी सहा-सहा पानांवाली मुले बाकीच्यांच्या बरीच पुढे गेली. वजाबाकी तर सुधारलीच, पण ‘मला जमेल’ हा विश्वास वाढला आणि ज्या गणिताचा कंटाळा होता ते आपण होऊन सोडवू लागली. बेचाळीसवाल्यांना मात्र ध्येय न दिलेल्या मुलांपेक्षा फारसा फायदा झाला नाही. मला कारण असे वाटते की सहा पाने संपली की रोज संध्याकाळी काहीतरी पुरे झालेले दिसते. बेचाळीसमध्ये रोज नुसते उरलेलेच दिसते. खुरपायला बसताना आईसुद्धा आख्ख्या रानाकडे बघत नाही, पुढ्यातल्या सरीकडे बघते.

म्हणून मी भावासाठी एक वही केली. बेचाळीस पाने करायचा मला कंटाळा आला, म्हणून एकवीसच केली. रोज तीन पाने, सात दिवस. पण त्याआधी काड्या लागल्या. आईचा जुना खराटा सोडून त्याच्या काड्यांचे तुकडे केले (नंतर बोलणी खाल्ली). दहा काड्यांचा एक गठ्ठा आणि दहा गठ्ठ्यांची एक मोळी. चारशे काड्या मोजून बांधायला आम्हा दोघांना दोन संध्याकाळी लागल्या. पण त्याचा फायदा असा झाला की शंभर म्हणजे काय ते त्याच्या हाताला कळले.

ज्यांना घरी करायचे असेल त्यांच्यासाठी रीत सांगते. ४०३ म्हणजे चार मोळ्या, गठ्ठा एकही नाही आणि सुट्या काड्या तीन. यातून १७८ द्यायच्या आहेत. आधी आठ सुट्या पाहिजेत, आपल्याकडे तीनच आहेत. गठ्ठा सोडावा, तर गठ्ठाच नाही. इथेच सगळे अडते. इथे मुलाला अडू द्यावे, घाईने सांगू नये. माझा भाऊ बराच वेळ बघत बसला आणि मग म्हणाला, “आक्का, मोळी सोडू का?” मोळी सोडली की दहा गठ्ठे होतात. त्यातला एक गठ्ठा सोडला की दहा सुट्या. आता मोळ्या तीन, गठ्ठे नऊ आणि सुट्या तेरा. तेरातून आठ गेल्या, उरल्या पाच. नऊ गठ्ठ्यांतून सात गेले, उरले दोन. तीन मोळ्यांतून एक गेली, उरल्या दोन. उत्तर २२५. मग तेच कागदावर.

आता खरे काय घडले ते सांगते, कारण लेखात सगळे गोड लिहिले तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. पहिले तीन दिवस चांगले गेले. चौथ्या दिवशी त्याने वही कोपऱ्यात फेकली. दोष माझा होता. त्याचे एक गणित अडले असताना मी “दे इकडं” म्हणून पेन्सिल हिसकावून सोडवून दिले. उत्तर बरोबर आले आणि त्याचे तोंड पडले.

त्या रात्री मला वहीतली एक गोष्ट आठवली. ती रूथ अंडरहिल या अभ्यासक बाईंनी पाहिलेली आहे आणि एरिक्सन यांनी ती आपल्या पुस्तकात घेतली आहे. अमेरिकेच्या अॅरिझोना प्रांतात पापागो नावाचे तिथले मूळचे लोक राहतात. ते आता स्वतःला तोहोनो ओओधम म्हणवतात. त्यांच्या एका घरात म्हातारी माणसे बसलेली असताना घरच्या आजोबांनी तीन वर्षांच्या नातीला दार लावायला सांगितले. दार जड होते. तिने ढकलले, हलेना. आजोबा पुन्हा म्हणाले, हो, दार लाव. कुणी उठले नाही, कुणी तिचे काम काढून घेतले नाही, कुणी ‘अजून कशी लावत नाहीस’ असेही म्हटले नाही. ती लहान आहे हे सगळ्यांना दिसत होतेच. तिला जेवढे पेलेल तेवढेच सांगितलेले होते. सगळे गंभीरपणे थांबून राहिले. शेवटी दार लागले आणि आजोबांनी तितक्याच गंभीरपणे तिचे आभार मानले.

मला ही गोष्ट फार आवडते. पण पालकहो, यात एक अडचण आहे, ती मला आईच्या बाजूने सांगायची आहे. आईला सकाळी आठला भांगलायला जायचे असते. भाऊ शर्टाची बटणे लावत बसला की ती “दे इकडं” म्हणून पटापट लावून देते, ते प्रेम नाही म्हणून नव्हे. त्या आजोबांना कुठे कामावर जायचे नव्हते. तेव्हा सगळ्याच कामांना थांबता येणार नाही. पण दिवसातून एका कामाला थांबता येईल का, एवढे मी आईला विचारले. आईने दोन दिवस विचार केला आणि सांगितले की संध्याकाळी शेळीला पाणी पाजायचे काम त्याचे. बादली हिंदकळून निम्मी रिकामी झाली तरी ती उठणार नाही. ती उठली नाही. एकदा मीच उठणार होते, तर तिने माझा हात धरला.

चौथ्या दिवसानंतर भाऊ माझ्याजवळ गणिताला बसेना. मग शेजारचा त्याच्याच वर्गातला मुलगा आला. तोही मागच्या महिन्यात याच वजाबाकीत अडला होता. त्याने काड्या घेतल्या, चुकला, “थांब, थांब, चुकलं,” म्हणाला आणि पुन्हा केले. भाऊ टक लावून बघत होता. दोघांनी मिळून पाचव्या दिवसाची पाने संपवली आणि सहाव्याचे एक जास्तच केले. मला जरा राग आला. मी इतकी चांगली समजावते आणि हा अडखळणाऱ्याकडून शिकतो! बाई हसल्या आणि त्यांनी शंक यांचाच १९८५ सालचा दुसरा प्रयोग सांगितला. त्यात वजाबाकी न जमणाऱ्या काही मुलांना शिक्षक वजाबाकी करताना दाखवले आणि काहींना त्यांच्याच वयाचे मूल वजाबाकी शिकताना दाखवले. शिक्षकांना पाहणाऱ्या मुलांपेक्षा मुलांना पाहणाऱ्यांचा विश्वास जास्त वाढला आणि गणितेही जास्त जमली. शिक्षकांना येणारच, त्यात नवल काय? पण ‘त्याला येतं तर मला का नाही,’ हे बरोबरीच्या मुलाकडे पाहूनच वाटते.

शाबासकीबद्दल थोडेसे लिहिते, कारण हे माझ्याबद्दल आहे. गावात मला हुशार म्हणतात. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या दोघींनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग छापले. सोपी कोडी सुटल्यावर काही मुलांना म्हटले, ‘तू हुशार आहेस,’ आणि काहींना म्हटले, ‘तू मेहनत घेतलीस.’ मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यानंतर ‘हुशार’ मुलांची कामगिरी घसरली आणि मेहनतवाल्यांची सुधारली. निवड करायला दिली तर ‘हुशार’ मुलांपैकी बरीच जण सोपेच मागत होती. हे वाचून मला लाज वाटली. गेल्या वर्षी केंद्रस्तरीय वक्तृत्व स्पर्धेत मी नाव दिले नव्हते आणि घसा बसलाय म्हणून सांगितले होते. घसा बसलेला नव्हता. नंबर नाही आला तर लोक काय म्हणतील, असे वाटले होते.

शेवटी अण्णांबद्दल. ‘आमच्या घराण्यातच गणित न्हाय’ असे म्हणणारे माझे अण्णा डेअरीवरून आले की दुधाची पावती हातात धरून उभ्या उभ्या हिशेब लावतात. मी एकदा मुद्दाम विचारले, “अण्णा, साडेचार लिटर, अडतीसचा दर, किती झाले?” ते म्हणाले, “चार अडतीस एकशे बावन्न, वर निम्मे एकोणीस, एकशे एकाहत्तर.” मी कागदावर करेपर्यंत ते पाय धुऊन आत गेले होते. मी म्हटले, “अण्णा, हे गणितच की!” तर म्हणाले, “ह्ये कसलं गणित? ह्यो हिशेब हाय.” मग रात्री जेवताना त्यांनी सांगितले की चौथीत असताना त्यांना फळ्यापुढे उभे केले होते, भागाकार आला नाही आणि ‘दगड’ म्हणून सगळ्या वर्गाला हसायला लावले होते. कुणी, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. चाळीस वर्षे ते दूध, खत, ऊस, सोसायटी सगळ्याचे हिशेब तोंडी करीत आहेत आणि तरी स्वतःला गणित येत नाही असेच समजतात.

भाऊ जेवायचे थांबून ऐकत होता. दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी पावती घेऊन अण्णांच्या शेजारी बसू लागला. अण्णा तोंडी सांगतात, तो वहीत मांडतो. ‘घराण्यात न्हाय’ हे वाक्य त्यानंतर मी ऐकलेले नाही.

या महिन्याच्या चाचणीत त्याची वजाबाकीची पाचपैकी तीन गणिते बरोबर आली. एक त्याने उतरवतानाच चुकवले, ७ चे १ केले होते. दुसरे शून्याचेच होते, दोन शून्यांचे, ६०० − २४७. त्याने घरी येऊन दप्तर टाकले आणि आधी मोळ्या काढून ते सोडवले, मग जेवला. पाढ्यांत तो अजून कच्चा आहे. पोट दुखायचे थांबले आहे. मध्ये एकदा दुखले, पण त्या दिवशी चिंचा खाल्ल्या होत्या.

एकवीस पानांची वही आणि काड्यांची पिशवी बाईंच्या कपाटात ठेवली आहे. कुणाला घरी न्यायची असेल तर न्यावी, मात्र काड्या मोजून परत कराव्यात, एकूण चारशे तीन आहेत. चौदाव्या पानावर शाई सांडली आहे, ती माझ्याकडून.